रास्कोल्निकोव्ह की नेख्ल्युदोव्ह?

अपराध करून पुढे बदलणाऱ्या माणसांच्या दोन रशियन कादंबऱ्या; एकच वाचायची तर कोणती? दस्तयेवस्कीचा रास्कोल्निकोव्ह (‘क्राइम अँड पनिशमेंट’, १८६६) सावकारीण म्हातारी आणि तिच्या बहिणीचा खून करतो. पुढे कबुलीही देतो. पण खरा बदल थेट उपसंहारात, सैबेरियात. पुस्तक मात्र खाली ठेववत नाही.

तोलस्तोयच्या ‘रिसरेक्शन’मधला (१८९९) नेख्ल्युदोव्ह ज्यूरीत बसलेला असतो आणि समोर आरोपी म्हणून कात्यूशा, त्यानेच फसवून सोडलेली! तो लग्नाची तयारी दाखवतो तेव्हा ती संतापते: माझ्या जिवावर स्वतःचा उद्धार करून घ्यायचाय तुला. रास्कोल्निकोव्हला असं सुनावायला त्या दोघी जिवंतच नाहीत. कात्यूशा बोलते, नकार देते, स्वतःही बदलते. तोलस्तोय मधूनमधून प्रवचन देतो, हे खरं. तरीही एकच वाचणार असाल, तर ‘रिसरेक्शन’ घ्या.