कॉम्फ्रे: मलम, पोटीस आणि क्रीम, सहा महिने वापरून

मुका मार, लचक आणि मुरगळलेला घोटा, एवढ्यासाठी कॉम्फ्रे ही औषधी वनस्पती खरंच कामाची आहे. वाळल्या पानांचं तेलातलं मलम, ताज्या पानांचं पोटीस आणि मुळाच्या अर्काचं तयार क्रीम अशी तिन्ही रूपं वापरली. सगळ्यात जास्त खटपट लागते ती घरच्या मलमाला, आणि सगळ्यात कमी गुण त्याचाच.

याचं कारण असं, की कॉम्फ्रेतलं ॲलँटॉइन, म्हणजे कातडी भरून आणणारं द्रव्य, पाण्यात उतरतं, तेलात जवळजवळ नाहीच. पानामुळांतला बुळबुळीतपणाही पाण्यातच सुटतो. इंग्लंडच्या खेड्यांत मूळ किसून त्याचा लगदा मोडलेल्या हाडाभोवती थापत. तो वाळून कडक झाला की हाड हलत नसे. 'निटबोन', म्हणजे हाड सांधणारी, हे नाव त्यावरूनच पडलं. त्या लेपात तेलाचा थेंबही नसे.

पोटिसासाठी चार-पाच मोठी पानं मिनिटभर उकळत्या पाण्यात धरा, ठेचा, मलमलच्या दुहेरी फडक्यात गुंडाळा आणि कोमट असतानाच दुखऱ्या जागी तासभर बांधा. फडकं टाळू नका. पानांवरच्या राठ केसांनी कातडी लाल होऊन खाजते. दर वेळी ताजं करा. उरलेला लगदा रात्रीत आंबतो.

मलम करायचंच असेल तर पानं कुरकुरीत वाळलेली हवीत. 50 ग्रॅम पानांना 250 मिली ऑलिव्ह तेल, उकळत्या पाण्यावरच्या भांड्यात मंद आचेवर तीन तास; तेलाला उकळी येता कामा नये. गाळून 100 मिली तेलाला 10 ते 12 ग्रॅम मधमाशीचं मेण घाला. पानं नुसती कोमेजलेली घेतली तर पाणी तळाशी राहतं आणि मलमाला बुरशी धरते. मालिशेला हे मलम ठीक आहे.

सूज लवकर उतरावी असं वाटत असेल तर क्रीमच घ्या, पण अल्कलॉइड, म्हणजे यातली यकृताला घातक द्रव्यं, काढून टाकलेल्या अर्काचं. 2004 साली प्रसिद्ध झालेल्या घोटा मुरगळलेल्या 142 रुग्णांवरच्या चाचणीत मुळाच्या अर्काचं मलम बिनऔषधी मलमापेक्षा सरस ठरलं होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पोटात घेऊ नका, चहासुद्धा नाही. यातले पायरोलिझिडीन अल्कलॉइड यकृतातल्या बारीक शिरा बंद पाडतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2001 मध्येच कॉम्फ्रे असलेली आहारपूरकं बाजारातून काढायला सांगितलं. आपली हाडजोड, म्हणजे कांडवेल, वेगळी. तिची चटणी खातात म्हणून हिचीही चालेल असं नाही. लावायचं तेही अखंड कातडीवरच. खोल जखमेवर लावलं तर वरची कातडी आधी मिटून पू आत अडकू शकतो. जर्मनीत वर्षाला चार ते सहा आठवड्यांची मर्यादा आहे. या सहा महिन्यांत मिळून वापर पाच आठवड्यांच्या आतच ठेवला. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, लहान मुलांनी, यकृताचा त्रास असलेल्यांनी वापरूच नये.

फुलं येण्याआधी पानं खुडणार असाल तर फॉक्सग्लोव्ह या विषारी झाडाशी गल्लत होते, आणि ती जिवावर बेतते. फॉक्सग्लोव्हचं पान मऊ लवेचं, कडेला दातेरी. कॉम्फ्रेचं खरखरीत, कड सरळ.

रोप घेताना नाव वाचा. बॉकिंग 14 ही जात बागेच्या खतासाठी उत्तम, पण ती रशियन कॉम्फ्रे. लेपासाठी सिम्फायटम ऑफिसिनाले, म्हणजे साधी कॉम्फ्रेच, लावा. जागा मात्र आधी पक्की करा. उपटताना मुळाचा बोटभर तुकडा मागे राहिला तरी तिथून नवं झाड फुटतं.