पेशी चेपायची की शॉक द्यायचा? प्रतिकारपेशींत माल पोचवण्याच्या पद्धतींची तुलना

टी पेशीतलं, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिकारपेशीतलं, एखादं जनुक क्रिस्परने (जनुक कापण्याच्या साधनाने) बंद करायचंय, पेशी आधीच उत्तेजित करून वाढवलेल्या आहेत आणि प्रयोगशाळेत इलेक्ट्रोपोरेटर (विजेचा शॉक देऊन पेशीत माल घालणारं यंत्र) व्यवस्थित चालतोय, अशी परिस्थिती असेल तर उत्तर सोपं आहे: आहे तेच वापरा, नवं यंत्र घेऊ नका. पण आत टाकायचा माल तयार प्रथिन किंवा पेप्टाइड (प्रथिनाचा छोटा तुकडा) असेल, पेशी उत्तेजित न करताच वापरायच्या असतील, किंवा शॉक दिलेल्या पेशी मोजणीत धडधाकट दिसतात पण उंदरात गेल्या की काहीच करत नाहीत असं होत असेल, तर मायक्रोफ्लुइडिक (केसाहून बारीक नाल्यांच्या) चिपमधून पेशी चेपण्याच्या पद्धतीकडे, म्हणजे सेल स्क्वीझिंगकडे, वळायला हरकत नाही. पुढचं सगळं अधल्यामधल्या केसेससाठी. लेंटीव्हायरस (जनुक वाहून नेणारा विषाणू) आणि लिपिड नॅनोकण (चरबीचे सूक्ष्म गोळे) हेही येतील, पण ओघात. निवडताना अडकायला होतं ते चेपणं आणि शॉक या दोघांतच.

आत नेमकं काय घडतं

चिपवर डझनावारी समांतर नाल्या कोरलेल्या असतात आणि प्रत्येक नाली एका जागी एकदम अरुंद होते. त्या चिमट्याची रुंदी साधारण ४ ते ८ मायक्रॉन, लांबी १० ते ४० मायक्रॉन. उत्तेजित न केलेल्या टी पेशीचा व्यास जवळपास ७ मायक्रॉन असतो. वायूच्या दाबाने ढकललेली पेशी या चिमट्यातून इतक्या वेगाने निघते की डोळ्याची पापणी लवायच्या आत शेकडो पेशी पार झालेल्या असतात. मधल्या क्षणात ती लांबट होते, पटल ताणलं जातं आणि त्याला बारीक छिद्रं पडतात. आसपासच्या द्रवात जे काही मिसळलेलं असेल ते विसरणाने आत शिरतं. बहुतेक माल पहिल्या मिनिटभरातच आत जातो आणि काही मिनिटांत पेशी स्वतःच छिद्रं बुजवते. ही डागडुजी कॅल्शियमवर चालते, त्यामुळे कोणत्या द्रवात पेशी चेपली आणि नंतर किती वेळाने माध्यमात टाकली, यावरही निकाल हलतो. एमआयटीत आर्मन शारेई, क्लाव्स जेन्सन आणि रॉबर्ट लँगर यांच्या गटाने २०१३मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली.

इलेक्ट्रोपोरेशन त्याहून बरंच जुनं. जनुकं पेशीत घालायला विजेचा स्पंद वापरता येतो हे एबर्हार्ड नॉयमान आणि सहकाऱ्यांनी १९८२मध्ये उंदराच्या पेशींवर दाखवलं. इथेही पटलाला छिद्रंच पडतात, फक्त ती विद्युतक्षेत्रामुळे. सोबत बाकीचा लवाजमा येतो: द्रव तापतो, इलेक्ट्रोडजवळ आम्लता बदलते, ॲल्युमिनियमचे इलेक्ट्रोड असतील तर धातूचे आयन सुटतात. नमुन्यात क्षार थोडे जास्त राहिले किंवा एखादा बुडबुडा अडकला की क्युवेटमधून (नमुन्याच्या छोट्या कुपीतून) फट्‌ असा आवाज येतो, ठिणगी पडते आणि तो नमुना गेला. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने तो आवाज ऐकलेला असतो.

ढकलणारं कोणी आहे का?

निवड करताना सगळ्यात आधी हा प्रश्न विचारावा, कारण बाकीचे बरेचसे फरक त्यातूनच निघतात. डीएनए आणि आरएनएवर ऋणभार असतो. शॉक देताना विद्युतक्षेत्र छिद्रं तर पाडतंच, शिवाय हा भारित माल पेशीकडे ढकलतंही. चेपण्यात असं ढकलणारं कोणी नाही. छिद्र उघडतं, आणि आत किती जाणार ते बाहेर माल किती दाट आहे त्यावर ठरतं.

हे आकड्यांत बघा. ७ मायक्रॉन व्यासाच्या पेशीचं आकारमान सुमारे १८० फेम्टोलिटर. १ मिलिलिटर द्रवात १० कोटी पेशी घेतल्या, तर सगळ्या पेशींचं मिळून आकारमान जेमतेम १८ मायक्रोलिटर भरतं, म्हणजे एकूण द्रवाच्या २ टक्क्यांहून कमी. पेशीच्या आतलं प्रमाण बाहेरच्याइतकं झालं असं गृहीत धरलं, आणि हे फारच उदार गृहीतक आहे, तरी ९८ टक्के माल बाहेरच राहतो आणि धुताना सिंकमध्ये जातो. मिलिलिटरला १ कोटीच पेशी असतील तर वाया जाणारा हिस्सा ९९.८ टक्के. माल महागडं शुद्ध प्रथिन असेल तर चिपच्या किमतीपेक्षा हा आकडा आधी बघा. मग मनात येतं की पेशी आणखी दाट घ्याव्यात. पण दाट पेशी म्हणजे गुठळ्या, आणि गुठळ्या म्हणजे तुंबलेली चिप.

हाच हिशेब उलट बाजूनेही मांडता येतो. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम इतकंच प्रमाण ठेवलं, तरी त्याच आदर्श अवस्थेत १५० किलोडाल्टनच्या प्रथिनाचे, म्हणजे एखाद्या अँटिबॉडीएवढ्या रेणूचे, सुमारे ७० हजार रेणू प्रत्येक पेशीत जातील. प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी जातात. पण प्रतिजन (प्रतिकारशक्तीला ओळखायची खूण) म्हणून पेप्टाइड दाखवायला किंवा क्रिस्परमधल्या कास९ या कात्रीचं कॉम्प्लेक्स केंद्रकापर्यंत पोचायला काही हजार रेणू खूप झाले. आणि मालावर भार आहे की नाही, कोणता आहे, याची चिमट्याला काही पडलेली नसते. डेक्स्ट्रान, अँटिबॉडी, पेप्टाइड, क्वांटम डॉट, काहीही चालतं. शॉकमध्ये भार नसलेलं किंवा नाजूक प्रथिन टाकायला गेलात की तुमची सगळी सेटिंग्ज पुन्हा शोधावी लागतात.

प्लाझ्मिड (गोल कड्यासारखा) डीएनए मात्र चेपण्याला जमत नाही. छिद्र बाहेरच्या पटलाला पडतं, केंद्रकाच्या पटलाला नाही. प्लाझ्मिड पेशीद्रवात तरंगत राहतं. शिवाय टी पेशी पेशीद्रवातल्या मोकळ्या डीएनएला घुसखोर समजते, ते वेगळंच. चेपल्यावर लगेच विजेचा स्पंद देणारी जोडपद्धत २०१७मध्ये दाखवली गेली, पण मग शॉक टाळण्याचा मुद्दाच निकालात निघतो. लांब डीएनए टेम्प्लेट (बसवायच्या जनुकाचा नमुना) देऊन विशिष्ट जागी जनुक बसवायचं असेल, तर २०१८मध्ये व्हायरसशिवाय ते टी पेशीत करून दाखवलं ते इलेक्ट्रोपोरेशननेच. त्या कामासाठी माझं मत आजही तिकडेच.

जिवंत असणं आणि कामाचं असणं

चेपण्याच्या बाजूने सर्वांत वजनदार पुरावा २०१८चा आहे. मानवी टी पेशींवर दोन्ही पद्धती वापरून जनुकांच्या हालचाली तपासल्या, तेव्हा शॉकनंतर १७ टक्के जनुकांचं काम बिघडलेलं सापडलं आणि चेपल्यानंतर एकाचंही नाही. शॉक दिलेल्या पेशींतून आयएल-२ हे सायटोकाइन (पेशींमधलं संदेशवाहक प्रथिन) ६४८ पट आणि इंटरफेरॉन गॅमा ३० पट वाढलं. पुढचा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. पीडी-१ हे टी पेशीला ब्रेक लावणारं जनुक दोन्ही पद्धतींनी जवळपास सारख्याच प्रमाणात बंद केलं आणि त्या पेशी ट्यूमर असलेल्या उंदरांना दिल्या. चेपलेल्या पेशींनी अपेक्षेप्रमाणे ट्यूमरवर जास्त मारा केला. शॉक दिलेल्या पेशी आणि काहीच न केलेल्या पेशी यांच्यात फरक दिसला नाही. म्हणजे संपादनाचा टक्का सारखा, आणि उपयोग शून्य.

आता यातली मेख. हे काम करणाऱ्यांत स्क्वीझिंग विकसित करणारी मंडळीच पुढे होती. त्याने निकाल खोटा ठरत नाही, पण समोरच्या पद्धतीची सेटिंग्ज किती कसून लावली असतील ही शंका घ्यायला जागा राहते. इलेक्ट्रोपोरेशनची यंत्रं आणि द्रावणं एकसारखी नसतात. एका यंत्रावरचा १७ टक्के दुसऱ्या यंत्रावर तितकाच असेल असं धरून चालू नका. शिवाय शॉकने बनवलेल्या पेशी माणसात काम करतातच हे आता वादातीत आहे. सिकलसेलसाठीचं कॅस्जेव्ही हे क्रिस्पर औषध रक्ताच्या मूळ पेशींना शॉक देऊनच बनतं, आणि त्याला २०२३च्या नोव्हेंबरात ब्रिटनने व डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. मूळ पेशी म्हणजे टी पेशी नव्हेत, हे खरं. पण बाजारात मान्यता असलेल्या एकाही पेशी-उपचारामागे अजून स्क्वीझिंग नाही, हेही तितकंच खरं.

जाता जाता, माहितीपत्रकातल्या 'जिवंत पेशी ९० टक्के' या आकड्याबद्दल. फुटून विरघळलेली पेशी मोजणीत येतच नाही. १०० पेशी घातल्या, ४५ फुटून गेल्या, उरलेल्या ५५ पैकी ५० जिवंत निघाल्या, तर यंत्र ९१ टक्के दाखवणार आणि तुमच्या हातात निम्मा माल येणार. हे दोन्ही पद्धतींना लागू आहे. विक्रेत्याकडे टक्का मागू नका. किती पेशी घातल्या आणि जिवंत अशा किती परत मिळाल्या ते विचारा.

चिपचे स्वतःचे नखरे

चिमट्याची रुंदी पेशीच्या मापाची लागते. उत्तेजित टी पेशी फुगून १० मायक्रॉनच्या पुढे जाते, मोनोसाइटही मोठी, बी पेशी लहान (दोन्ही रक्तातल्याच प्रतिकारपेशी). रक्तातल्या सगळ्या एककेंद्रकी पेशी एकत्र चेपायच्या म्हटलं की एकच माप सगळ्यांना बसत नाही: लहान पेशी न चेपताच निसटतात आणि मोठ्या फाटतात. मधलं माप निवडून तडजोड करता येते, आणि ती करून माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोचलेही आहेत. पण तुमच्या रुग्णांच्या पेशींची मापं आजारामुळे, आधीच्या औषधांमुळे बदललेली असतील, तर निरोगी दात्यांवर ठरवलेली सेटिंग्ज जशीच्या तशी चालतील असं समजू नका.

तुंबणं हा दुसरा त्रास. २०१३च्या उपकरणाचा वेग सेकंदाला सुमारे २० हजार पेशी इतका होता. १० कोटी पेशींना त्या वेगाने जवळजवळ दीड तास लागतो आणि तेवढ्यात नाल्या तुंबतात. नंतरच्या उपकरणांत नाल्या वाढवून वेग कितीतरी पटींनी वर गेला, पण गाळून घेतल्याशिवाय पेशी चिपमध्ये सोडायच्या नाहीत हा नियम काही बदललेला नाही. गोठवून वितळवलेल्या पेशींमध्ये मेलेल्या पेशींचा चिकट डीएनए असतो. तो आधी काढा, नाहीतर पहिल्या मिनिटात प्रवाह मंदावतो.

प्रतिजन दाखवणाऱ्या पेशी बनवायच्या असतील, तर हे सगळे नखरे सोसण्यासारखे आहेत. बाहेर ठेवलेलं प्रथिन पेशी गिळते तेव्हा ते बहुतेक वेळा एमएचसी (पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनाचे तुकडे दाखवणारे रेणू) वर्ग २च्या वाटेला जातं. चेपून थेट पेशीद्रवात टाकलं की त्याचे तुकडे वर्ग १वर चढतात आणि मारक टी पेशी जाग्या होतात. बी पेशींचा असा वापर २०१५मध्ये उंदरांत दाखवला गेला. एचपीव्ही-१६ विषाणूमुळे झालेल्या ट्यूमरसाठी माणसांवर चाचण्याही याच तत्त्वावर झाल्या. पेशी आठवडाभर वाढवायच्या नसल्याने एका दिवसात माल तयार होतो. या कामात शॉक, व्हायरस किंवा नॅनोकण यांच्यापैकी कोणी चिमट्याच्या जवळपास येतं असं मला वाटत नाही.

व्हायरस आणि नॅनोकण

पेशीने एखादं जनुक कायमचं बाळगावं असं हवं असेल तर लेंटीव्हायरस. कार-टीमधलं (कर्करोग ओळखणारं जनुक घातलेल्या टी पेशींच्या उपचारातलं) पहिलं औषध किमराया २०१७मध्ये त्याच वाटेने आलं. साधारण ८ ते ९ हजार बेसपर्यंतचा माल मावतो, तयार प्रथिन या वाटेने जात नाही, आणि व्हायरस बनवणं महाग व वेळखाऊ. जनुक कुठे जाऊन बसेल यावर ताबा नसतो. कार-टी औषधांवर टी पेशींच्या कर्करोगाची चौकटीतली (सर्वांत गंभीर) सूचना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४मध्ये घातली. ज्या रुग्णाला दुसरा इलाज उरलेला नाही त्याच्यासाठी हा धोका पत्करण्याजोगा आहे, असंच बहुतेक डॉक्टर मानतात.

एमआरएनए द्यायचा असेल आणि पेशी नाजूक असतील तर लिपिड नॅनोकण बघाच. यंत्र लागत नाही, छिद्र पाडायचं नाही, दोनतीन दिवस लागोपाठ वेगवेगळे डोस देता येतात. मात्र पेशीने गिळलेल्या कणांतला फार थोडा माल एंडोसोममधून (गिळलेला माल ठेवणाऱ्या पेशीतल्या पिशवीतून) सुटतो आणि स्वस्थ बसलेल्या टी पेशी मुळात कमी गिळतात. माध्यमात सीरममधलं (रक्तद्रवातलं) एपोई प्रथिन आहे की नाही यावरही खूप काही अवलंबून असतं. सीरमविरहित माध्यमात प्रयोग फसला तर आधी तिथे बघा.

खरेदीपूर्वी

स्क्वीझिंगचा व्यापारी इतिहास खडतर आहे. एमआयटीतून २०१३मध्ये निघालेली एसक्यूझेड बायोटेक्नॉलॉजीज २०२०मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आली, २०२२च्या अखेरीस मोठी कपात झाली आणि २०२४मध्ये तिचं तंत्रज्ञान स्टेमसेल टेक्नॉलॉजीजकडे गेलं. संशोधनासाठी यंत्र मिळतं. रुग्णांसाठीचं उत्पादन डोक्यात असेल तर चिपचा पुरवठा किती वर्षं टिकेल, उत्पादनदर्जाच्या चिप मिळतात का आणि नियामकासमोर ठेवायची कागदपत्रं कोण देणार, हे लेखी घ्या. इलेक्ट्रोपोरेशनमध्ये ही वाट मळलेली आहे.

विक्रेता डेमो द्यायला येईल तेव्हा त्याच्या पेशी वापरू देऊ नका. एकाच दात्याच्या, तुमच्याच पद्धतीने वितळवलेल्या पेशी दोन्ही यंत्रांत घाला. माल न घालता नुसत्या चेपलेल्या आणि नुसता शॉक दिलेल्या पेशी ठेवा, आणि छिद्र न पाडता मालात नुसत्या बुडवलेल्याही. चिकटलेला माल आत गेल्यासारखा दिसतो तो याच नमुन्यात पकडला जातो. त्या दिवशीचा टक्का वहीत लिहून बाजूला ठेवा. सातव्या दिवशी पेशी किती पटीने वाढल्या, पुन्हा उत्तेजन दिल्यावर सायटोकाइन किती सोडतात आणि लक्ष्यपेशी मारतात का, ते बघा. तिथे दोघांत फरक दिसला नाही, तर स्वस्तातलं घ्या.