दुसरी बॅटरी, काही महिन्यांनंतर: चार्जर पास, वायर नापास

फोर बाय फोरमध्ये दुसरी बॅटरी लागते ती मुक्कामात इंजिन बंद असताना फ्रिज-दिवे चालवायला, म्हणजे स्टार्टर बॅटरी उतरत नाही. ती चालत्या गाडीत भरायची दोन साधनं: व्हीएसआर, म्हणजे ठरावीक व्होल्टला दोन्ही बॅटऱ्या जोडणारा-तोडणारा स्विच, आणि डीसी-डीसी चार्जर, म्हणजे मिळतील ते व्होल्ट बॅटरीला हवे तसे करून देणारी पेटी. माझी मांडणी चारचौघांसारखीच आहे. बॉनेटखाली मूळची स्टार्टर बॅटरी, मागे डिकीत १०० अँपिअर-अवरची एजीएम (शिशाचीच, पण बंदिस्त बॅटरी), तिच्या शेजारी २५ अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर. त्यावर कॉम्प्रेसरचा फ्रिज, दोन दिवे आणि फोन. गाडी नव्या धर्तीची, म्हणजे अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) किती व्होल्ट देणार ते ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, ठरवतो. पुढचं सगळं रामायण याच एका गोष्टीमुळे घडलं.

तक्रार अशी होती की रात्री मुक्कामाला फ्रिज पहाटेच्या आत बंद पडायचा. दिवसभर गाडी चालवलेली असायची. हा फ्रिज चालू असताना चार-पाच अँपिअर ओढतो, पण सतत चालत नसल्यामुळे चोवीस तासांचा हिशेब ३०-४० अँपिअर-अवरच्या घरात जातो. पूर्ण भरलेली एजीएम अर्ध्यापर्यंतच वापरली तरी एक दिवस आरामात निघायला हवा. माझ्या बॅटरीचे मात्र संध्याकाळी इंजिन बंद करून तासाभराने मोजले की १२.१ व्होल्ट यायचे. स्वस्थ पडलेली भरलेली एजीएम १२.८ च्या वर दाखवते, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. म्हणजे दिवसभर गाडी हाकून बॅटरी जेमतेम अर्धी, आणि रात्र अजून बाकी.

बसवून देणाऱ्या वायरिंगवाल्याकडे गेलो. त्याने गाडी चालू केली, चार्जरच्या दोन्ही टोकांना मीटर लावला, हिरवा दिवा दाखवला आणि म्हणाला, ‘‘सर, सगळं व्यवस्थित आहे, तुमचा फ्रिजच जास्त ओढतो.’’ दुसऱ्या खेपेला दोष बॅटरीवर गेला. बॅटरी काढून विक्रेत्याकडे लोड टेस्टला दिली. ती तिथे काही दिवस पडून राहिली आणि ठणठणीत असल्याचा शेरा घेऊन परत आली. तीस किलोचं धूड डिकीतून काढायचं आणि परत चढवायचं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. तिसऱ्या खेपेला सल्ला मिळाला की छतावर सोलर पॅनेल टाका. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर त्या फाशीचा खर्च माझ्याच माथी.

या टप्प्यावर माझं मत चार्जरविरुद्ध पक्कं होत चाललं होतं. जुन्या गाडीत मी साधा व्हीएसआर वापरला होता. १३.३ व्होल्टला जोडायचा, १२.८ ला तोडायचा, बाकी काही डोकेदुखी नाही. तोच बरा होता, ही नवी पेटी म्हणजे नाकापेक्षा मोती जड, असं दोन मित्रांना सांगूनही झालं होतं.

मत फिरलं ते एका लांब उतारावर. चार्जरचा दिवा आरशातून दिसेल असा लावून घेतलाय. सपाट रस्त्यावर तो काही सेकंद लागायचा, विझायचा, पुन्हा लागायचा. घाट उतरायला लागलो, पाय अॅक्सिलरेटरवरून काढला, तर दिवा स्थिर. खाली पोचून पुन्हा वेग धरला की उघडझाप सुरू. म्हणजे माझी बॅटरी फक्त उतारावर चार्ज होत होती! फ्रिज चालू ठेवायचा तर मुक्काम कायम दरीतच करावा लागला असता.

हे का होतं ते सांगतो, कारण अशा गाडीत दुसरी बॅटरी बसवणाऱ्या प्रत्येकाला हे भोवू शकतं. स्टार्टर बॅटरी बऱ्यापैकी भरली की इंधन वाचवण्यासाठी ईसीयू अल्टरनेटरचे व्होल्ट खाली आणतो, १२.३-१२.५ पर्यंतसुद्धा. पाय काढला किंवा ब्रेक मारला की तोच अल्टरनेटर १४-१५ व्होल्ट देतो, कारण ती ऊर्जा फुकटची असते. अशा गाडीत व्हीएसआर सपाटीवर बहुतेक वेळ तुटलेलाच राहणार, त्यामुळे ‘जुना बरा होता’ हे माझं म्हणणं इथे बाद. डीसी-डीसी चार्जर कमी व्होल्टवरही चालावा म्हणून त्याला इग्निशनची, म्हणजे गाडी चालू आहे हे कळवणारी, एक बारीक वायर देतात. ती मिळाली की माझा चार्जर बारा व्होल्टच्या थोडं खालीपर्यंत काम करतो. ती वायर नीट जोडलेली होती, त्याबद्दल वायरिंगवाल्याला पूर्ण गुण.

मग अडलं कुठे? मल्टीमीटरच्या एका पिनेला लांब वायर जोडली आणि व्होल्टेज ड्रॉप मोजायला बसलो. चार्जर पूर्ण जोरात ओढत असताना स्टार्टर बॅटरीच्या पॉझिटिव्हवर एक पिन, चार्जरच्या इनपुटवर दुसरी: ०.५६ व्होल्ट. मग बॅटरीच्या निगेटिव्हपासून चार्जरच्या निगेटिव्हपर्यंत: आणखी ०.५. अर्थिंगच्या, म्हणजे निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला जोडणाऱ्या, बोल्टला बोट लावलं तर चटका बसण्याइतका गरम. तीस अँपिअर आणि अर्धा व्होल्ट म्हणजे पंधरा वॉट, तेही नखाएवढ्या जागेत. बोल्ट सोडला तर लगच्या (वायरच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) खाली बॉडीचा रंग जसाच्या तसा चकचकीत. तांब्याचा पत्र्याशी संबंध आला होता तो बोल्टच्या आट्यांपुरता.

आता हे आकडे सपाट रस्त्यावर लावून पाहा. अल्टरनेटर १२.४ देतोय. चार्जरला बाहेर २५ अँपिअर द्यायचे तर आत ३५ च्या आसपास ओढावे लागतात, कारण आतले व्होल्ट जितके कमी तितका करंट जास्त. वाटेत सव्वा व्होल्ट गळतो, चार्जरपाशी ११.२ उरतात. तो बंद होतो. बंद झाला की करंट शून्य, करंट शून्य तर गळतीही शून्य, चार्जरला परत १२.४ दिसतात आणि तो पुन्हा चालू होतो. उघडझाप ती हीच. गॅरेजमध्ये मात्र नुकताच सेल्फ मारलेला असतो, ईसीयू स्टार्टर बॅटरी भरायला १४ च्या वर देत असतो, एक व्होल्ट गळला तरी चार्जरला १३ मिळतात आणि हिरवा दिवा छान पेटलेला राहतो. वायरिंगवाला खोटं बोलत नव्हता. तो चुकीच्या वेळी मोजत होता, आणि रस्त्यावर येऊन मोजायला तयार नव्हता.

इथून पुढे मी वायरवरच बोलणार आहे, कंटाळा आला तर सोडून द्या. माझी वायर ज्या वायरिंग किटमधून आली त्याच्या पाकिटावर ठळक ‘६ एमएम’ लिहिलेलं आहे. कुणालाही वाटेल सहा चौरस मिलीमीटर. पण गाडीच्या वायरींत काही ठिकाणी हा आकडा बाहेरच्या प्लास्टिकसकट जाडीचा असतो, आणि आत तांबं भरतं साधारण ४.६ चौरस मिलीमीटर. तिसरीकडे ‘६ गेज’ म्हणतात, त्यात तांबं १३ च्या वर. एकच सहा, तांबं मात्र तिप्पट कमी-जास्त! एक चौरस मिलीमीटर तांब्याच्या एक मीटरला ०.०१७ ओहम धरा. माझी पाच मीटरची वायर ४.६ ची, ३० अँपिअरला ती ०.५५ व्होल्ट खाणारच. मीटरने दाखवला जवळपास तोच आकडा कागदावरही येतो. इतका साधा भागाकार किट विकणाऱ्यांना करता येत नाही असं नाही. तांबं महाग असतं आणि प्लास्टिक स्वस्त, एवढंच. चार्जरच्या खोक्यावर सात भाषांत सूचना छापतात, पण वायरच्या पाकिटावर ‘चौ. मिमी’ हे दोन शब्द बसत नाहीत. काही वायरींत तर आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम निघतं. ब्लेडने थोडं खरवडून पाहा, पांढरं दिसलं की परत करा.

मी मुळात काटकसरी माणूस आहे. पण इथे हात सैल सोडला आणि २५ चौरस मिलीमीटरची वायर घेतली, पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही. १६ ची चालली असती का? हिशेबाने १२.४ ला चालली असती, १२.३ ला अगदी काठावर. निगेटिव्ह बॉडीच्या भरवशावर न सोडता पुढपर्यंत नेली. ती स्टार्टर बॅटरीच्या खांबावर न लावता चासीकडच्या अर्थिंगच्या जागी लावली, कारण खांबावर बॅटरी सेन्सर बसलेला असतो. त्याला वगळून करंट गेला तर ईसीयूचा हिशेब बिघडतो. लग हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घेतले, त्यावर गोंदवाली हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी). स्टार्टर बॅटरीपासून वीतभर अंतरात ६० अँपिअरचा फ्यूज आणि मागच्या बॅटरीपाशी दुसरा. दुसरा कशाला, असं वायरिंगवाल्याने विचारलं. अहो, मागेही बॅटरीच आहे, वायर कुठे घासून शॉर्ट झाली तर ती काय गप्प बसेल?

आता सपाटीवर १२.४ ला चार्जरपाशी १२.१ च्या वर मिळतात, दिवा हलत नाही. चार्जर तोच, बॅटरी तीच, फ्रिजही तोच. म्हणून चार्जरला मी आता पैकीच्या पैकी देतो. त्याचा पंखा नसलेला सांगाडा गरम होतो, पण डिकीत हवा खेळती आहे. बॉनेटखाली बसवणाऱ्यांचं काय होतं ते त्यांनी सांगावं. इंजिनाच्या उष्णतेत हे चार्जर स्वतःहून करंट कमी करतात, आणि शिशाच्या बॅटरीचं आयुष्यही उष्णतेने झपाट्याने घटतं. म्हणून मागची जागाच मला पटते.

बॅटरीबद्दलचं मत मात्र अर्धवट बदललंय. एजीएम घेताना लिथियम म्हणजे श्रीमंतांचे चोचले असं मी म्हणत होतो. आता वायर सुधारल्यावर एजीएमची खरी मर्यादा दिसते. ८० टक्क्यांपर्यंत ती झटपट भरते, पुढचं भरायला तिला तासन् तास लागतात, मागे कितीही मोठा चार्जर असो. छोट्या फेऱ्यांत ती कधीच पूर्ण भरत नाही, आणि सदा अर्धपोटी राहिलेल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेट साचतं. लिथियम आयर्न फॉस्फेटला अर्धवट राहण्याचं वावडं नाही, ती जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट घेते आणि वजन निम्म्याहून कमी. फक्त शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नाही, आणि बॉनेटखाली ठेवायची नाही. माझ्या चार्जरमध्ये लिथियमचं सेटिंग आहे. तरी ही एजीएम जाईपर्यंत नवी घेणार नाही. चालती वस्तू टाकून देणं मला जमत नाही.

लहानसहान गोष्टी: बॅटरीच्या ट्रेचे नट खडबडीत रस्त्यांनी सैल झाले होते, तिथे नायलॉनच्या कड्याचे नट टाकले, विषय संपला. टक्केवारी दाखवणारा व्होल्टमीटर निरुपयोगी आहे, फ्रिज चालू झाला की त्याची बॅटरी ‘वीस टक्क्यांनी’ उतरते. त्याऐवजी निगेटिव्हला शंट, म्हणजे जाणारा-येणारा करंट मोजणारी पट्टी, बसवला. किती अँपिअर-अवर गेले आणि किती आले हे कळतं. मात्र सगळ्या लोडची निगेटिव्ह शंटच्या पलीकडून घ्या, एकही थेट बॅटरीवर नको.

एक अनपेक्षित फायदा. एकदा आतला दिवा रात्रभर चालू राहिला आणि स्टार्टर बॅटरी पार बसली. डीसी-डीसी चार्जर एकाच दिशेने काम करतो, त्यामुळे व्हीएसआरसारखं बटण दाबून दोन्ही बॅटऱ्या जोडता येत नाहीत. पण जंपर केबल लावून दहा मिनिटं थांबलो, मग सेल्फ मारला, गाडी लागली. केबल लांब घ्या, मागच्या बॅटरीपासून बॉनेटपर्यंत पोचायला हवी.

वायरिंगवाल्याने अर्थिंगची मजुरी परत दिली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. वायरबद्दल त्याचं उत्तर, ‘‘किटमध्ये हीच येते.’’ किट विकणाऱ्यांना वायरमध्ये तांबं किती चौरस मिलीमीटर आहे असं लेखी विचारलं. उत्तर आलं की वायर ‘योग्य क्षमतेची’ आहे. आकडाच सांगा म्हणून पुन्हा लिहिलंय. यावेळी कापलेल्या तुकड्याचा फोटोही जोडलाय, शेजारी मोजपट्टी ठेवून.