नाकेदाराच्या हाती पिशवी : 'शेरीफ ऑफ नॉटिंगहॅम'

गणपती पेठेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्या आत्याला मी 'शेरीफ ऑफ नॉटिंगहॅम' या बोर्ड गेमचे नियम समजावून सांगू लागलो, तेव्हा निम्म्यातच तिने मला थांबवले आणि म्हणाली, "म्हणजे जकात नाका की रे!" तेव्हापासून सांगलीच्या आमच्या घरात शेरीफला नाकेदार म्हणतात आणि हा शब्द मूळ शब्दापेक्षा नेमका बसतो.

सर्जिओ हालाबान आणि आंद्रे झात्स यांनी रचलेला हा खेळ 2014 साली आला. आमच्याकडे आहे ती तीन ते पाच जणांसाठीची पहिली आवृत्ती. 2020 च्या आवृत्तीत सहा जणांची सोय झाली. दर फेरीत एकजण नाकेदार होतो आणि बाकीचे व्यापारी आपापल्या कापडी पिशवीत एक ते पाच पत्ते घालून, बटण लावून, आत काय आहे ते जाहीर करतात. पत्त्यांची संख्या खरी सांगावी लागते, पण प्रकार एकच सांगायचा आणि तोही सफरचंद, चीज, पाव किंवा कोंबडी यांपैकीच. मिरी, मद्य, रेशीम आणि क्रॉसबो (घोडा दाबून बाण सोडायचे आडवे धनुष्य) हा चोरटा माल असल्याने त्याचे नावही घेता येत नाही. नाकेदाराने पिशवी उघडली आणि खोटे सापडले, तर जाहीर न केलेला माल जप्त होऊन व्यापाऱ्याला दंड बसतो. माल सांगितल्याप्रमाणेच निघाला, तर नाकेदारालाच भरपाई द्यावी लागते.

खेळाची सगळी गंमत या भरपाईत आहे. परवा आत्याने "पाच सफरचंद" म्हणून पिशवी माझ्या धाकट्या भावापुढे सरकवली आणि "उघड की बाळा, नाका तुझाच आहे," असे म्हणून ती शांतपणे चहा पिऊ लागली. त्याने बटण उघडले, आत खरोखरच पाच सफरचंदे निघाली आणि प्रत्येकी 2 याप्रमाणे 10 नाणी त्याने मुकाट्याने मोजली. नाकेदारी फिरून पुन्हा त्याच्याकडे आली तेव्हा तीच घोषणा, तेच वाक्य आणि तोच चहा पाहून त्याने पिशवी न उघडताच परत दिली. आत दोन सफरचंदांबरोबर दोन रेशीम आणि एक क्रॉसबो होता, म्हणजे 25 नाण्यांचा चोरटा माल! खोटे बोलता येणे इथे पुरेसे नाही. आपल्या खरेपणाचा संशय यावा अशा रीतीने खरे बोलणे त्याहून अवघड आहे आणि पेठेतल्या माणसाला ते उपजतच जमत असावे.

लाचेचे नियमही विचारपूर्वक केलेले आहेत. नाणी, आधी नाका पार होऊन आपल्या ठेल्यावर आलेला माल, इतकेच काय, बंद पिशवीतला मालही देऊ करता येतो. मात्र तो पिशवीत नसेलच, तर नाकेदाराच्या हाती काही लागत नाही. तिसऱ्याची पिशवी उघडावी म्हणूनही नाकेदाराला पैसे चारता येतात. जागच्या जागी झालेला सौदा पाळावाच लागतो, पुढच्या फेरीचे वचन मात्र मोडता येते.

उणिवा आहेत. तिघांत घासाघीस लवकर आटते, तेव्हा चौघे-पाच असतील तरच डाव मांडावा. भिडस्त माणसाची इथे फरपट होते. शेवटी प्रत्येक कायदेशीर मालात सर्वाधिक पत्ते कोणाचे हे मोजून अधिकचे गुण देण्याची आकडेमोड, रंगलेल्या डावानंतर, कंटाळवाणी वाटते. एक चूक मात्र आमचीच होती. खेळताना मधोमध भडंगाचे ताट ठेवले होते, त्यामुळे रेशमाच्या एका पत्त्याच्या पाठीवर तेलकट बोट उमटले आणि तो पत्ता कोणाच्या हातात आहे हे सगळ्यांना लांबूनच कळू लागले. शेवटी सगळ्याच पत्त्यांना प्लास्टिकची कव्हरे घालावी लागली.