राज्य किती शिकलं, हे सांगताना कोणता आकडा धरायचा?

शिक्षणावर काम करू पाहणाऱ्या एखाद्या संस्थेची बैठक डोळ्यांसमोर आणा. जिल्हा निवडायचा आहे आणि चार जण चार आकडे घेऊन आलेत. पहिला म्हणतो, महाराष्ट्र ८२ टक्के साक्षर आहे. दुसऱ्याकडे दहावीचा ९४ टक्के निकाल. तिसरीने कात्रण आणलंय, पाचवीच्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही म्हणून. चौथी पटनोंदणीचा तक्ता उघडते आणि म्हणते, मुलं तर सगळी शाळेतच आहेत.

चौघंही खरं बोलत असू शकतात. अशा वेळी प्रत्येक आकड्याला दोनच प्रश्न विचारावेत. टक्के काढताना भागलं कितीने? आणि मोजताना कुणी माणसाच्या हातात कागद देऊन ‘वाच’ म्हटलं का?

जनगणनेपासून सुरुवात करू. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ८२.३४ टक्के निघाली, देशाची ७३ च्या आसपास. राज्याच्या पोटातली दरी मात्र मोठी होती. मुंबई उपनगर ९० टक्क्यांच्या आसपास, नंदुरबार ६४ च्या. सात वर्षांवरचा जो कोणी कुठल्याही भाषेत समजून लिहू-वाचू शकतो तो साक्षर, अशी व्याख्या. पण तपासणी काहीच नाही. प्रगणक दारात येतो, घरातलं कुणीतरी एक जण सगळ्यांची उत्तरं देतं आणि तो लिहून घेतो. सून सही करते म्हणून सासरे तिला साक्षर सांगून मोकळे होतात. जनगणनेचं बळ वेगळं आहे. ती नमुना घेत नाही, प्रत्येक घर मोजते, त्यामुळे गावपातळीपर्यंत आकडा मिळतो. अडचण वयाची. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची २०२७ ची. तोवर हातात असलेला गावनिहाय आकडा २०११ चाच आहे, आणि त्या वेळची शाळकरी मुलं आता पालक झालीत.

याच्या शेजारी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण ठेवून पाहा. नाव आरोग्याचं, पण शिक्षणासाठी मला ते जनगणनेहून जास्त उपयोगी वाटतं. इथे १५ ते ४९ वयाच्या बायकांना खरोखर एक वाक्य वाचायला देतात. नववी किंवा त्यापुढे शिकलेल्यांना मात्र न तपासता साक्षर धरतात. आधीच्या फेरीत ही सूट सहावीपासून होती, म्हणून दोन फेऱ्यांची साक्षरता जशीच्या तशी शेजारी ठेवून ‘वाढली’, ‘घटली’ म्हणू नये. त्यापेक्षा भरवशाचा रकाना म्हणजे शाळेत दहा किंवा जास्त वर्षं काढलेल्या बायकांचं प्रमाण. २०१९-२१ च्या फेरीत देशात ते ४१ टक्के होतं, महाराष्ट्रात सुमारे निम्मं. ८२ टक्के साक्षर राज्यात तरुण आणि मध्यमवयीन बायकांपैकी निम्म्या दहा वर्षं शाळेत टिकल्या नव्हत्या, हे साक्षरतेच्या आकड्यातून कधीच कळलं नसतं. आणखी एक खोच आहे. महाराष्ट्रातलं घरोघरचं काम २०१९ मध्येच आटोपलं होतं. कोविडच्या काळाचा परिणाम त्यात शोधू नका.

ही झाली मोठ्यांची गोष्ट. मुलांकडे आलं की गोंधळ वाढतो.

यू-डायस ही सरकारने गोळा केलेली शाळांची माहिती, मुख्याध्यापकांनी स्वतः भरलेली. पट किती, शिक्षक किती, मुलींचं स्वच्छतागृह आहे का, गळती किती. राज्यातली प्रत्येक मान्य शाळा त्यात असते आणि तालुक्याचा ताजा आकडा हवा तर इथेच मिळतो. पण ज्या पटावर शिक्षकांची पदं आणि अनुदान अवलंबून आहे, तो पट शाळाच सांगते. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, तेव्हा पटावरची लाखो नावं वर्गात सापडली नव्हती. आता प्रत्येक विद्यार्थ्याची वेगळी नोंद होते, त्यामुळे फुगवटा कमी झाला असावा. मात्र ही पद्धत २०२२-२३ पासून बदलली. त्याआधीचा आणि नंतरचा पट एकाच आलेखात काढला तर मुलं अचानक गायब झाल्यासारखी दिसतात, आणि दर वर्षी कुणीतरी त्यावर बातमी करतंच.

मूल शाळेत आहे एवढं यू-डायस सांगतं. त्याला येतं काय, हे ‘असर’ पाहतं. प्रथम संस्थेचं हे सर्वेक्षण २००५ पासून चालू आहे. स्वयंसेवक घरी जातात, मुलापुढे अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवतात. मग हातच्याची वजाबाकी आणि भागाकार. २०२४ च्या फेरीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या ४८.७ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. घरी जाऊन तपासल्यामुळे शाळा सोडलेलं, खासगी शाळेतलं, त्या दिवशी गैरहजर असलेलं मूलही यात येतं. मर्यादाही तेवढ्याच ठळक आहेत. शहरं यात नाहीत, आणि महाराष्ट्राची जवळपास निम्मी वस्ती शहरी आहे. जिल्ह्यात साधारण ३० गावं आणि प्रत्येक गावात २० घरं एवढाच नमुना असतो. म्हणून जिल्ह्याच्या तक्त्यात तिसरी ते पाचवी एकत्र धरतात. ‘आमचा तालुका असरमध्ये कितवा?’ या प्रश्नाला उत्तर नाही.

सरकारची संपादणूक चाचणी, म्हणजे पूर्वीचं राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आणि डिसेंबर २०२४ पासूनचं ‘परख’, शाळेत होते. शहर, गाव, सरकारी, खासगी सगळं येतं आणि विषयवार खोलीही बरी. पण चाचणीच्या दिवशी बाकावर बसलेलंच मूल मोजलं जातं. शिवाय पूर्वी तिसरी, पाचवी, आठवी, दहावी असे वर्ग होते, आता तिसरी, सहावी, नववी. वर्षागणिक तुलना करायची तर तिसरी सोडून हाती फारसं लागत नाही.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कुटुंबातली एखादी सहावीतली मुलगी घ्या. दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ती फडावर जाते. यू-डायसमध्ये तिचं नाव आहे. डिसेंबरातल्या चाचणीत ती नाही. असरचे स्वयंसेवक घराला कुलूप लागण्याआधी पोहोचले तर ती सापडते. पुढे तिची शाळा सुटली तर दहावीच्या निकालात तिचा प्रश्नच येत नाही, कारण निकालाचा टक्का फॉर्म भरून परीक्षेला बसलेल्यांवर काढतात.

दहावीच्या निकालावरून राज्याचं शिक्षण जोखणं मला तर चेष्टाच वाटते. २०१८ मध्ये निकाल ८९.४१ टक्के. २०१९ मध्ये भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत २० गुण काढले आणि तो ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले, भूगोलाचा पेपर तर रद्दच झाला, आणि निकाल ९५.३० टक्के. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही, तर ९९.९५. तीन वर्षांत पोरं एवढी वर-खाली झाली असं कोण म्हणेल? फार तर एकाच वर्षाच्या निकालात विभागांची तुलना करावी, तीही प्रत्येक विभागातून किती मुलं बसली ते पाहून.

उच्च शिक्षणाच्या नोंदणी प्रमाणाबद्दल थोडक्यात. २०२१-२२ मध्ये महाराष्ट्र ३५.३, देश २८.४. भाजक १८ ते २३ वयाची अंदाजित लोकसंख्या असते आणि अंशात बाहेरून शिकायला आलेलेही येतात. चंडीगढचं प्रमाण ६४.८ दिसतं ते त्यामुळेही.

मग त्या बैठकीत काय ठरवायचं? प्रौढ बायकांसोबत काम करायचं असेल तर जिल्हा निवडायला ‘दहा वर्षं शाळा’ हा रकाना घ्या. प्राथमिकच्या मुलांसाठी, आणि भाग ग्रामीण असेल तर, असरच्या दोन-तीन फेऱ्या एकत्र पाहा; एका फेरीतल्या दोन-तीन टक्क्यांच्या फरकावर जिल्हा ठरवू नका. शहरी भाग असेल तर परखशिवाय पर्याय नाही. जिल्हा ठरल्यावर तालुका निवडताना यू-डायसमधली पाचवीतून सहावीत आणि आठवीतून नववीत जाताना होणारी गळती पाहा. गावातली शाळा जिथे संपते तिथेच ती गळती असते आणि ती पटाच्या एकूण आकड्यात दडून जाते.

तालुक्यात मुलांना वाचता येतं का, हे मात्र कुठल्याच तक्त्यात मिळणार नाही. असरची वाचन-गणिताची साधनं मराठीत, मोफत उपलब्ध आहेत आणि एका मुलाला काही मिनिटंच लागतात. आठ-दहा गावं निवडा आणि संध्याकाळी, मुलं घरी असताना जा. ऊसतोडीचा पट्टा असेल तर गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत.