आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेत अट लिहायची कशी: इफ, इफएल्स की केस_व्हेन?

नागपूरच्या मे महिन्याचं रोजचं कमाल तापमान एका कॉलममध्ये आहे, 31 आकडे. हवामान खात्याच्या प्रत्यक्ष तापमानाच्या निकषानुसार मैदानी भागात 45 अंश गाठले की उष्णतेची लाट, 47 गाठले की तीव्र लाट. प्रत्येक दिवसापुढे शेरा हवा आहे.

इफ–एल्स एका प्रश्नाचं एकच उत्तर देतो. फाइल सापडली का, नसेल तर थांब, अशा ठिकाणी तोच वापरा. त्याला 31 आकडे दिले तर आर 4.2.0 पासून सरळ एरर येते. आधीच्या आवृत्त्या नुसता इशारा द्यायच्या आणि 1 मेचा आकडा बघून मोकळ्या व्हायच्या. जुनी स्क्रिप्ट हाती आली की हे पहिलं तपासा.

इफएल्स अख्ख्या कॉलमवर चालतो. शेरे दोनच असतील तर पुरेसा. तारखा मात्र त्यातून काढू नका. 1 मे 2024 चं 19844 होतं, म्हणजे 1 जानेवारी 1970 पासूनचे नुसते दिवस उरतात. डीप्लायर या आरच्या जोड-पॅकेजमधला इफ_एल्स तारीख तारीखच ठेवतो.

शेरे तीन झाले की इफएल्समध्ये इफएल्स कोंबण्यापेक्षा डीप्लायरचा केस_व्हेन कितीतरी बरा. तो वरून खाली जातो आणि जुळलेली पहिली अट धरतो. '45 किंवा जास्त' वर लिहिलं तर 47.2 चा दिवसही साधी लाट ठरतो, म्हणून 47 ची ओळ आधी. दुसरा धोका जास्त वाईट: नोंद नसलेला दिवस, म्हणजे एनए. इफ त्यावर एरर देऊन थांबतो, इफएल्स एनए ठेवतो, पण केस_व्हेनच्या शेवटी 'बाकी सगळे सामान्य' असेल तर तो दिवस गुपचूप सामान्य होतो. एनएची ओळ सगळ्यात वर टाका.

हे सगळं फंक्शनमध्ये, म्हणजे नाव देऊन पुन्हा वापरता येणाऱ्या कोडमध्ये, बांधताना 45 ही 'मर्यादा' कुठे ठेवता तेही ठरवा. फंक्शनला आत 'मर्यादा' सापडली नाही तर ते जिथे लिहिलं गेलं तिथली उचलतं. कुणी वर ती 40 केली की निकाल बदलतो आणि इशाराही येत नाही. उलट फंक्शनच्या आत <- या किंमत देण्याच्या खुणेने तिला 47 केलं तर बाहेरची 45 च राहते. <<- वापरलं तर बाहेरचीही बदलते, ते टाळाच. इफच्या कंसांना मात्र अशी वेगळी हद्द नसते, त्यात बनवलेलं नाव कंसाबाहेरही राहतं. मर्यादा आर्ग्युमेंट म्हणून, म्हणजे फंक्शन वापरताना त्याला पुरवायची किंमत म्हणून द्या, डिफॉल्ट (काही न दिल्यास) 45.