मुलांच्या जुलाबात प्रोबायोटिक: जिवाणूंची पुडी की यीस्टची?

ओआरएस चालू आहे, झिंक चालू आहे, मूल अधूनमधून लघवी करतंय, शीमध्ये रक्त नाही, हे सगळं धरून पुढचं लिहितोय. यातलं काही बिनसलं असेल, मूल पेंगुळलं असेल, पोटात घोटभर पाणीही ठरत नसेल किंवा लंगोट सहा-सहा तास कोरडा राहत असेल, तर हे वाचणं थांबवा आणि डॉक्टरांकडे जा. बाकीच्यांचा प्रश्न वेगळा असतो. डॉक्टर म्हणालेत, 'हवं तर प्रोबायोटिक द्या,' म्हणजे पोटाच्या भल्यासाठी जिवंत जिवाणू किंवा यीस्ट द्या, आणि आता त्या 'हवं तर'चं काय करायचं ते आपल्यावर आलंय.

घरात दोन लहान मुलं असल्यामुळे आमच्याकडे तिन्ही तऱ्हा वापरून झाल्या आहेत. एक लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी, म्हणजे जिवाणूंची पुडी किंवा थेंब. दुसरी सॅकरोमायसिस बुलार्डी, हे जिवाणू नव्हे, यीस्ट. आणि तिसरी बॅसिलस क्लॉसी या जिवाणूच्या बीजाणूंची, म्हणजे त्याच्या टणक, सुप्त रूपाची, त्या पाच मिलीच्या प्लॅस्टिकच्या कुप्या.

आधी थोडं थंड पाणी ओततो, कारण ते ओतल्याशिवाय तुलना प्रामाणिक होणार नाही. २०१० साली कॉक्रेन या, चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात प्रोबायोटिकमुळे जुलाब साधारण एक दिवस लवकर थांबतात असं दिसलं होतं, आणि बरीच वर्षं सगळे त्याच भरवशावर होते. मग २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडात दोन मोठ्या चाचण्या झाल्या, दोन्ही मिळून १८०० हून जास्त मुलांवर. अमेरिकेतल्या चाचणीत जीजी दिलं होतं, कॅनडातल्या चाचणीत दोन वेगळ्या लॅक्टोबॅसिलसचं मिश्रण. फरक पडला नाही. अमेरिकेत जीजी घेतलेल्या मुलांचे जुलाब साधारण ५० तास चालले आणि नुसती खोटी पुडी घेतलेल्यांचेही जवळपास तितकेच. २०२० मध्ये कॉक्रेननेही आपलं मत बदललं: दोन दिवसांपेक्षा जास्त काळ जुलाब राहणाऱ्या मुलांच्या संख्येत प्रोबायोटिकने फारसा फरक पडत नसावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या जुलाबाच्या उपचारात ओआरएस आहे, झिंक आहे, खाणंपिणं चालू ठेवणं आहे, प्रोबायोटिक नाही.

तरीही युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांची संघटना २०२३ मध्येही म्हणते की विशिष्ट स्ट्रेन, म्हणजे जिवाणूचे किंवा यीस्टचे ठरावीक उपप्रकार, योग्य मात्रेत देता येतील, आणि अमेरिकेतले पोटविकारतज्ज्ञ २०२० पासून म्हणतात की नकोच. पुरावा बराचसा तोच, वाचणारे वेगळे. मी स्वतः मधे कुठेतरी आहे. साध्या विषाणूच्या जुलाबात प्रोबायोटिक दिलं नाही तरी काही बिघडत नाही, एवढं मला अनुभवाने पटलंय. धाकटीचे दोन वेळचे जुलाब, एकदा पुडी देऊन आणि एकदा न देता, मला तरी सारखेच गेल्यासारखे वाटले. अर्थात हे माझं घर आहे, चाचणी नव्हे.

मग घ्यायचं ठरलंच तर काय बघायचं? डब्यावर नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' लिहिलेलं असेल तर तो डबा परत ठेवा. नुसतं आडनाव सांगून माणूस शोधायला पाठवल्यासारखं आहे ते. अभ्यास झालेले असतात ते एकेका स्ट्रेनवर, त्यामुळे 'जीजी'सारखी पुढची अक्षरं किंवा आकडा डब्यावर असायला हवा. त्यानंतर मात्रा. युरोपच्या शिफारशीत जीजीसाठी दिवसाला किमान एक हजार कोटी जिवंत जिवाणू आहेत आणि यीस्टसाठी २५० ते ७५० मिलिग्रॅम, दोन्ही पाच ते सात दिवस. बाजारातली कित्येक मिश्रणं, दहा-बारा जिवाणूंची नावं मिरवणारी, यात कुठेच बसत नाहीत. ती मी तपासतही नाही.

आता खरी तुलना. कुप्यांपासून सुरू करतो, कारण वापरायला त्याच सगळ्यात सोप्या. डोकं पिळून मोडायचं, आत किंचित ढगाळ पाणी, चव जवळजवळ नाही. वांती करून करून वैतागलेलं मूलही ते गिळतं. बीजाणू असल्यामुळे फ्रीजची गरज नाही, प्रवासात पिशवीत टाकता येतात. नुसत्या सोयीवर निकाल लावायचा असता तर मी इथेच थांबलो असतो. पण युरोपच्या त्या यादीत बॅसिलस क्लॉसीला जागा मिळालेली नाही, आणि त्याच्या बाजूने मला जो पुरावा सापडला तो इतर दोघांच्या मानाने विरळ वाटला.

जीजी हा त्यातला सगळ्यात अभ्यासलेला. गोरबाख आणि गोल्डिन या अमेरिकी संशोधकांनी १९८० च्या दशकात तो वेगळा केला. थेंबांच्या रूपात तान्ह्यालाही देता येतो आणि चवीची तक्रार नाही. २०१८ चा निकाल त्याच्याविरुद्ध गेला हे खरं, पण तो साध्या जठरांत्रदाहापुरता, म्हणजे संसर्गाने होणाऱ्या जुलाब-उलट्यांपुरता होता. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब ही वेगळी गोष्ट, आणि तिथे प्रोबायोटिकची बाजू जड आहे. २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात अँटिबायोटिकबरोबर प्रोबायोटिक घेतलेल्या मुलांपैकी सुमारे ८ टक्क्यांना जुलाब झाले, न घेतलेल्यांपैकी १९ टक्क्यांना. हा फरक दुर्लक्ष करण्यासारखा नाही. मात्रा मोठी हवी, आणि जुलाब सुरू होण्याची वाट न बघता अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाबरोबर सुरू करायला हवं, हेही तितकंच महत्त्वाचं. यासाठी जीजी आणि बुलार्डी ही दोनच नावं पुढे येतात.

आणि नेमकं इथेच माझं जीजीशी बिनसलं.

थोरल्याचा कान सुजला आणि त्याला अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट सुरू झालं, जे पोट बिघडवण्यात पटाईत आहे. दिवसातून तीन वेळा. जीजी हा जिवाणू, अँटिबायोटिक जिवाणू मारतं, म्हणून दोन्हींत निदान दोन तासांचं अंतर ठेवा असं सांगितलं होतं. ऐकायला काहीच कठीण नाही. पण सकाळचं औषध पोटात काहीतरी गेल्यावर द्यायचं, मुलाला कान दुखत असल्यामुळे तो खायलाच तयार नाही, औषधाला उशीर झाला, मग पुडीही पुढे ढकलली. पुडीची वेळ झाली तर पोरगं नुकतंच झोपलेलं. आजारी मुलाला झोपेतून उठवून पुडी पाजायची की झोपू द्यायचं? झोपू दिलं तर जाग येईपर्यंत दुपारच्या अँटिबायोटिकची वेळ. फ्रिजच्या दारावर वेळांचा कागद लावला होता, त्यावर मी खूण करायचो, बायको खूण करायची, आणि तरी संध्याकाळी दोघांत 'तू दिलंस का?' हा संवाद व्हायचाच. औषधाने दमवलं नाही तेवढं त्या घड्याळाने दमवलं. कुप्यांवरही दोन अँटिबायोटिक डोसांच्या मधल्या वेळेत द्यावं असंच लिहिलेलं असतं, त्यामुळे तिथेही यातून सुटका नाही.

बुलार्डीचं हे लफडंच नाही. यीस्ट ही बुरशी, तिला अँटिबायोटिक शिवत नाही. पुढच्या खेपेला अँटिबायोटिकच्या चमच्यापाठोपाठ पुडी दिली आणि विषय संपला. १९२० च्या दशकात हेन्री बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने इंडोचायनात कॉलऱ्याच्या साथीत लोक लिची आणि मँगोस्टीनच्या साली वापरतात हे पाहिलं आणि त्यातून हे यीस्ट वेगळं केलं. म्हणजे हा गडी जुलाबाच्याच मैदानातून आलेला.

खोड नाही असं नाही. पुडीला यीस्टचा वास येतो, आंबवलेल्या पिठासारखा, आणि लहान मुलांची नाकं तिखट असतात. पाण्यावर पूड तरंगते, ढवळली तर चमच्याच्या पाठीला चिकटते, आणि निम्मी मात्रा चमच्यालाच गेली असं वाटत राहतं. यावर मला सापडलेला मार्ग म्हणजे आधी अगदी थोड्या गार द्रवात पूड पूर्ण भिजवायची आणि मग वरून बाकीचा द्रव ओतायचा. गरम कशातही नको, यीस्ट मरतं. तोंडात बुरशी आली म्हणून फ्लुकोनाझोलसारखं औषध चालू असेल तर बुलार्डीचा उपयोग नाही, तिथे जीजी. एखाद्या मुलाला पोट फुगल्यासारखंही होतं.

एक बाब मात्र सोयीची नाही, धोक्याची आहे. मूल अपुऱ्या दिवसांचं असेल, प्रतिकारशक्ती कमी असेल, किंवा मोठ्या शिरेत नळी घातलेली असेल, तर यीस्ट रक्तात शिरण्याचा धोका असतो. नळीच्या जवळ पुडी फोडणंसुद्धा टाळायला सांगतात, कारण पूड हवेत उडते. जिवाणूंचीही भीती आहेच. अपुऱ्या दिवसांच्या बाळांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये प्रोबायोटिकविषयी सावध केलं होतं. अशा मुलांना तिन्हींपैकी काहीही स्वतःच्या मनाने देऊ नये.

तेव्हा मला कुणी विचारलं तर मी असं सांगेन. विषाणूचे साधे जुलाब असतील तर पुडीचे पैसे वाचवा, नाहीतर जे मूल मुकाट्याने घेतं ते द्या. तान्हं असेल तर जीजीचे थेंब, डॉक्टरांना विचारून. अँटिबायोटिक सुरू होणार असेल आणि मूल एरवी धडधाकट असेल, तर जीजीवाल्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही, पण माझ्या घरात बुलार्डीच येतं. ज्यांच्या घरात वेळा काटेकोर पाळणारं माणूस आहे त्यांचा निर्णय कदाचित वेगळा होईल.

पाच-सात दिवस झाले आणि शी घट्ट झाली की पुडी बंद करायला हरकत नाही. झिंक मात्र शी सुधारली म्हणून मधेच सोडू नका, १० ते १४ दिवस जेवढं सांगितलंय तेवढं पूर्ण द्या.